उजवं पान कोरं ठेवा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तीन वर्षं तुम्ही रोज रात्री वही लिहिताय. दिवसभरातला एखादा प्रसंग आणि त्याच्याखाली 'आज यातून काय शिकले' ही एक ओळ. सुरुवातीला त्यानं मन हलकं व्हायचं. पण गेले आठ महिने सासरे अर्धांगवायूनं अंथरुणावर आहेत, त्यांचं सगळं तुम्हीच करताय, आणि आता वहीतल्या ओळी तुमच्याच तुम्हाला खोट्या वाटायला लागल्यात. 'सेवेनं अहंकार गळतो' असं लिहून झोपायचं आणि सकाळी त्यांच्या खोलीचं दार लोटताना पोटात गोळा यायचा. तुम्ही विचारलंय, माझीच दृष्टी कमी पडतेय का? रोजच्या जगण्यात अध्यात्म शोधायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

मी फलटणला राहते. चाळीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. गळ्यात माळ घातली त्याला तीस वर्षं होऊन गेली. आळंदी ते पंढरपूर पायी वारी बावीस वेळा झाली. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून माऊलींची पालखी आमच्या विमानतळाच्या माळावर मुक्कामाला येते तेव्हा तिथंच दर्शन घेते. घरी बायकांचा हरिपाठ चालतो, त्यात हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी कितीतरी वेळा ऐकलाय. त्या बळावर सांगते.

तुमची दृष्टी कमी पडत नाहीये. ओळी खोट्या वाटतात हे तुम्हाला कळतंय, तीच दृष्टी. अडचण वहीची आहे. ती बोध फार लवकर मागते. सकाळी घडलं आणि रात्री त्याचं सार लिहा म्हटलं की मन काय करतं? आधीपासून माहीत असलेलं एखादं चांगलं वाक्य उचलतं आणि प्रसंगावर चिकटवतं. माझंही अगदी असंच व्हायचं. ते कधी लक्षात आलं ते सांगते, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्या एका गोष्टीवर उभं आहे.

२००३ सालची लग्नसराई. ओळखीतल्या एका बाईंच्या मुलीचं लग्न पाच दिवसांवर आलेलं आणि पैठणीचा ब्लाऊज माझ्याकडे. पैठणीच्या ब्लाऊजला बाहीवर काठ यावा लागतो, आणि काठ असतो कापडाच्या कडेला. त्यामुळे दोन्ही बाह्या घडीवर एकदम कापता येत नाहीत, एकेक सुटी कापावी लागते. बाहीचा पुढचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायचा गोलवा, मागच्यापेक्षा खोल असतो, म्हणून एक कापून झाली की दुसरीसाठी मापाचा कागद उलटा ठेवायचा. मी तो उलटा ठेवलाच नाही. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या झाल्या. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं, आणि हातातली कात्री एकदम गार लागली.

संध्याकाळी त्या बाई आल्या. मी काय म्हणावं? म्हणाले, "दुकानवाल्यानं कापडच कमी दिलंय हो, बाही बसत नाही." विचार करून बोलले नाही मी हे. तोंड उघडलं आणि तेच बाहेर पडलं. त्या बिचाऱ्या तशाच दुकानात गेल्या आणि भांडून आल्या.

त्या रात्री हरिपाठ झाल्यावर मी मंडळात बोलले. म्हटलं, आज माझ्या हातून एक पैठणी बिघडली आणि कळलं की वस्तूवर जीव लावू नये, सगळं नाशवंत आहे. बायकांनी माना डोलावल्या. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाटलं, चला, प्रसंग वाया गेला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या दुकानात कापड मोजून देणारा पोरगा पँटची उंची कमी करायला माझ्याकडे आला. सतरा-अठरा वर्षांचा असेल. माप घेताना खाली बघत म्हणाला, "काकू, मी नीट मोजलं होतं हो. मालक म्हणतात पगारातून कापणार." मी त्याच्या पायाशी बसले होते, तोंडात टाचण्या, हातात टेप. मला वर बघता येईना.

त्याच दुपारी मी बाईंच्या घरी गेले, खरं सांगितलं. मग दुकानात गेले, मालकासमोर आणि त्या पोरासमोर सांगितलं. बाजार फिरून पैठणीच्या रंगाचं रेशमी कापड आणलं, चुकलेल्या बाहीचा काठ काढून त्यावर जोडला आणि लग्नाच्या आदल्या रात्री ब्लाऊज दिला. शिलाई घेतली नाही. बाई त्यानंतर माझ्याकडे कधी शिवायला आल्या नाहीत. ते त्यांचं बरोबरच होतं.

आता बघा ताई, 'सगळं नाशवंत आहे' हे वाक्य खोटं आहे का? नाही. पण त्या दिवसाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्या दिवशी घडलं होतं ते एवढंच, की घाबरल्यावर माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द खोटा होता, आणि तो दुसऱ्याच्या पोराच्या अंगावर गेला. हे मला दिसू नये म्हणून मी वर नाशवंताची चादर टाकली होती. चादर चांगली होती, भजनातली होती, म्हणून जास्त धोक्याची. त्यानंतर वीस वर्षं मी फक्त एका गोष्टीवर लक्ष ठेवून आहे: घाबरले की पहिला शब्द कोणता निघतो. अजूनही निघतो कधी कधी. पण आता मध्ये एक श्वास असतो, आणि त्या श्वासात मी 'माझ्याकडून चुकलं' म्हणू शकते. या वीस वर्षांत काही हाती लागलं असेल तर ते हेच.

आमच्याकडे कीर्तनात दृष्टांत देतात. सुईदोरा, जातं, मडकं, घागर, शेतातलं तण. दृष्टांत हवेच, त्याशिवाय अवघड गोष्ट गळी उतरत नाही. मीही शिवणावरून पाहिजे तेवढे देईन. टीप ओढून उसवली तर कापड फाटतं, एकेक टाका तोडून काढला तर सुटतं, तसा राग सोडवावा वगैरे. ऐकायला छान वाटतं. पण दृष्टांत म्हणजे बोध नव्हे. दृष्टांतात सांगणाऱ्याला आधीच माहीत असलेलं सांगितलेलं असतं. बोधात मला माहीत नसलेलं, बहुतेक वेळा नको असलेलं, माझंच काहीतरी समोर येतं. तुमच्या वहीत दृष्टांत खूप झालेत असं मला वाटतं.

आपल्या संतांकडे या नजरेनं पाहिलं की फार आधार वाटतो. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता महाराज मळ्यात राबले. पंढरीला जायला त्यांनी मळा सोडला नाही असं सांगतात, आणि आजही विठ्ठलाची पालखी पंढरपूरहून त्यांच्या भेटीला अरणला जाते. कांदा, मुळा, भाजी हीच माझी विठाई, असं ते म्हणाले. नीट ऐका, भाजीतून मी अमुक शिकलो असं ते म्हणत नाहीत. भाजीपाशीच थांबतात. जनाबाईंच्या दळणाचंही तसंच.

पण या बाबतीत मला सगळ्यात जवळचे वाटतात ते तुकोबा. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. घरात महाजनकी, सावकारी, दुकानदारी होती, ती बसली. पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. एवढं झाल्यावर माणूस काय शिकतो? कुणी म्हणेल, जग मिथ्या आहे. कुणी म्हणेल, यापुढे धान्य साठवून ठेवावं. तुकोबांनी काय केलं ते परंपरा सांगते. लोकांकडून येणं असलेली कर्जखतं घरात होती. त्यांचे दोन वाटे केले. एक वाटा धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या हातात दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला.

भावाचा वाटा भावाला दिला, हे मला फार मोठं वाटतं. भुकेचा अर्थ तुकोबांना कळला होता, म्हणून उपाशी माणसाकडून वसुली त्यांच्यानं होणार नव्हती. पण कळलं ते त्यांना. त्याची किंमत त्यांनी आपल्या वाट्यातून मोजली, भावाच्या नाही. तुला अजून कळत कसं नाही म्हणून कान्होबांवर चिडल्याचं त्या गोष्टीत कुठंही येत नाही. मी मंडळात नेहमी विचारते, अनुभवानं काय शिकवलं ते राहू दे, त्यापायी तू आपल्या वाट्यातलं काय सोडलंस ते सांग.

आता सासऱ्यांकडे येते. इथं थोडं कठोर बोलणार आहे, राग मानू नका.

सासऱ्यांचा अर्धांगवायू हा तुमचा धडा नाही. तो त्यांचा आजार आहे. एका माणसाची वाचा जावी, त्याला कूस बदलायला दुसऱ्याची वाट बघावी लागावी, हे देवानं सुनेचा अहंकार गळावा म्हणून घडवून आणलं, असं मानणं मला पटत नाही. माझा विठोबा तसा नाही. दुसऱ्याच्या दुखण्याला आपलं पुस्तक केलं की त्या माणसाकडे बघणं थांबतं. आपण त्याला भरवताना आपल्याकडेच बघत राहतो: मी चिडले का, आज प्रेमानं केलं का, किती गुण मिळाले. तुम्ही थकताय त्यातला निम्मा थकवा या गुण देण्याचा असेल.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. भजनाच्या तंद्रीत माती तुडवताना पायाखाली आपलंच तान्हं मूल आलं तरी कळलं नाही, ही. काय ती तल्लीनता, असं कीर्तनात सांगतात. पुढे ते मूल देवानं परत दिलं असंही सांगतात. मी गोरोबाकाकांना मानते, त्यांचे अभंग रोज म्हणते. पण ती गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे दर वेळी पाण्याची घागर घेऊन परत आलेली ती आई येते. तिला त्या क्षणी कुणी तल्लीनतेचा अर्थ सांगायला गेलं असतं तर? ज्याचं दुःख ताजं आहे त्याच्यापुढे बोध ठेवू नये. आणि तुमचं दुःख ताजं आहे, तेव्हा तुम्हीही तो स्वतःपुढे ठेवू नका.

मग चीड, कंटाळा, पोटातला गोळा, त्यांचं काय करायचं? वारीतली एक रीत सांगते. मुक्कामाच्या तळावर पालखी पोचली की समाजआरती असते. सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. मग सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच धरतात आणि बघता बघता हजारो टाळ गप्प होतात. अंगावर काटा येतो. पण त्या शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. ते चुकून नव्हे. त्या दिंडीची काहीतरी तक्रार असते. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, तेव्हा ते टाळ थांबतात. मग हरवलेलं-सापडलेलं पुकारतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात, आणि नंतर आरती होते.

एका वर्षी आमच्याच दिंडीचे टाळ वाजत राहिले. पाण्याचा टँकर दोन मुक्काम पोचला नव्हता, बायकांचे फार हाल झाले होते. मला शरम वाटत होती. एवढा समाज आरतीसाठी ताटकळलाय आणि आपण पाण्याचं रडगाणं घेऊन बसलोय. मी टाळ खाली केले. आमचे म्हातारे विणेकरी शेजारी होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वाजव पोरी. माऊली थांबल्यात ना?"

ताई, तुम्ही तुमचे टाळ खाली केलेत आणि तक्रार कुणी ऐकायच्या आधीच आरती उरकताय. आधी वाजवा. म्हणजे अगदी साध्या भाषेत सांगायचं तर नवऱ्याशी बोला. 'मला जमत नाहीये' हे शब्द त्यांच्या कानांवर पडू द्या. दीर-जाऊ असतील तर आठवड्यातले दोन दिवस त्यांनी घ्यावेत. परवडत असेल तर दुपारची चार तास बाई ठेवा. डॉक्टरांना विचारून व्यायाम करून घेणारं कुणी बोलवा, बिछान्यावर कूस कशी वळवायची हे त्यांच्याकडून शिकून घ्या, नाहीतर तुमची कंबर जाईल. ही कामं अध्यात्माच्या बाहेरची समजू नका. माझ्या सासूबाईंच्या वेळी मी चार वर्षं यातलं काहीच केलं नाही. मागितलं नाही आणि मनातल्या मनात सगळ्यांवर धुमसत राहिले, आणि त्याला सेवा म्हणत राहिले.

वही मात्र टाकून देऊ नका. फक्त लिहायची पद्धत बदला. मी कशी लिहिते ते सांगते, त्यातलं झेपेल ते घ्या.

हरिपाठ झाल्यावर दहा मिनिटं बसते, त्याहून जास्त नाही. डाव्या पानावर एकच प्रसंग, घडला तसा. 'वाईट', 'सुंदर', 'कृपा', 'परीक्षा' असले शब्द येऊ देत नाही. कोण होतं, कुठं होतं, हातात काय होतं, काय बोललं गेलं, एवढंच. माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द जसाच्या तसा लिहिते, लाज वाटली तरी. आणि त्या वेळी अंगात कुठं काय झालं तेही. घसा आवळला, खांदे वर गेले, दात घट्ट झाले. अंगाला चांगलं दिसायची हौस नसते, म्हणून अंगाचं मी जास्त खरं मानते. उदाहरणार्थ तुमचं पान असं होईल: 'सकाळी साडेसात. चादर बदलत होते. त्यांनी डावा हात माझ्या दंडावर ठेवला. मी म्हणाले, थांबा हो जरा. हात बाजूला केला. जबडा दुखत होता.' बस. याच्याखाली ओळ मारून 'बोध' लिहायचा नाही.

उजवं पान कोरं ठेवायचं. खरोखर कोरं. महिन्यातून एकदा, एकादशीला, मागची पानं वाचायची. काही प्रसंग वाचून काहीच वाटणार नाही, ते जाऊ द्या. एखाद्या ठिकाणी मात्र दिसेल की तोच शब्द चार वेळा आलाय, तोच जबडा सहा वेळा दुखलाय, आणि दर वेळी समोर सासरे नसून दारात उभा राहून 'झालं का?' विचारणारा नवरा आहे. हे मी नुसतं उदाहरण म्हणून सांगतेय, तुमच्याकडे वेगळंच निघेल. पण असं काही दिसलं तर त्यावरही लगेच लिहू नका. आधी वागण्यात एक छोटीशी गोष्ट बदलून बघा. ती पंधरा दिवस टिकली तर उजव्या पानावर लिहा, आणि लिहायचं ते काय कळलं हे नव्हे, काय बदललं हे. माझ्या पैठणीच्या प्रसंगासमोर उजवीकडे एक ओळ आहे, आणि ती लिहायला मला अकरा महिने लागले.

नामस्मरण, हरिपाठ, एकादशी यांची जागा ही वही घेत नाही, हेही सांगून ठेवते. काही जणी वही सुरू झाली की माळ बाजूला ठेवतात, कारण वहीत आपल्याबद्दल खूप काही सापडतं आणि ते गोड लागतं. नाम घेताना आपल्याबद्दल काहीच सापडत नाही. ती जागा लागते. तुम्हाला आत्ता वेळ नाही हे कळतं मला. भांडी घासताना घ्या, त्यांची कूस वळवताना घ्या. मोजू नका.

आणि काही उजवी पानं कोरीच राहतील. त्यांची भीती बाळगू नका.

माझ्या सासूबाईंनीच मला शिवण शिकवलं. हातशिलाईची दुमड त्यांच्यासारखी मी अजून कुणाची पाहिली नाही, टाका दिसायचाच नाही. शेवटची चार वर्षं त्या अंथरुणाला होत्या, बोलणं गेलेलं, एक हात तेवढा चालायचा. त्या हातानं त्या दिवसभर पांघरलेल्या गोधडीची कड चिमटीत धरून दाबत राहायच्या. दुमड घालताना आपण नखानं कापड दाबत पुढे जातो ना, तसंच. बोटाला वरणभात लागलेला असायचा, तो गोधडीला लागायचा, म्हणून मी त्यांचा हात उचलून बाजूला ठेवायचे. दिवसातून दहा वेळा. त्या पुन्हा तिथंच न्यायच्या.

त्या गेल्यावर महिन्याभरानं गोधडी धुवायला काढली. एका बाजूची कड हातभर लांब झिजून मऊ झाली होती, आणि सबंध हातभर ती एकाच रेषेत दुमडलेली होती, पट्टी ठेवून दाबावी तशी.

ते मी त्या रात्री डाव्या पानावर लिहिलं. २००९ सालची वही आहे. समोरचं पान अजून कोरं आहे.